तुटेपर्यंत खेळा

‘झिरो ए. डी.’ या युद्धखेळाला मालक कंपनी नाही. २००१मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये फेरफार करण्याच्या बेतातून तो सुरू झाला, पुढे स्वतंत्र खेळ बनला आणि जुलै २००९मध्ये ‘वाइल्डफायर गेम्स’ या हौशी मंडळींच्या गटाने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. स्पार्टन, रोमन, कार्थेजी, पर्शियन, मौर्य अशा इसवी सनापूर्वीच्या सत्तांची गावं वसवायची, शेती-खाणकाम करायचं, सैन्य उभारायचं आणि इंटरनेटवर भेटलेल्या परक्या माणसाशी लढायचं. सगळं फुकट.

ऑगस्ट २०१०मध्ये आलेल्या पहिल्या अल्फा आवृत्तीचं नाव होतं ‘आर्गोनॉट’. पुढची नावं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, बहुतेक प्राचीन जगातली. या ओळीत ‘झेलम’ आहे, म्हणजे पोरस आणि सिकंदराची नदी. ‘मगध’ आहे, ‘पतंजली’ही आहेत. २६वी ‘ज्वांगझी’ आली आणि अक्षरं संपली, म्हणून जानेवारी २०२५ची २७वी आवृत्ती पुन्हा ‘ए’वर आली : ‘अग्नी’. ग्रीक-रोमनांवर पोसलेल्या या खेळप्रकारात एवढी दखलही मला कौतुकाची वाटते.

नवी आवृत्ती येण्याआधीचे काही आठवडे मात्र वेगळेच असतात. नवं काही घालणं बंद होतं. मग पडद्यावरची वाक्यंही गोठवली जातात, कारण जगभरच्या अनुवादकांना तेवढी उसंत लागते. त्यानंतर विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी ‘रिलीज कँडिडेट’ बाहेर पडतो. कुणीही उतरवून घ्यावा, खेळावा आणि मोडून दाखवावा. गंभीर दोष सापडला की दुरुस्ती, नवा कँडिडेट आणि पुन्हा तेच.

हे काम घरच्या घरी का उरकत नाही? कारण या खेळाच्या बांधणीत आहे. डावात शेकडो सैनिक, गुरं, बाण असतात. प्रत्येकाची जागा सतत इंटरनेटवरून पाठवणं परवडत नाही, म्हणून फक्त आज्ञा पाठवल्या जातात : हे दहा भालाईत तिकडे, ही बाई शेतात. त्या आज्ञांवरून प्रत्येक संगणक संपूर्ण युद्ध स्वतःच मोजतो. सेकंदात पाच वेळा, आणि सगळ्यांचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच यायला हवं. नेहमीचं दशांशगणित वेगवेगळ्या यंत्रांवर शेवटच्या अंकात फसवू शकतं, म्हणून इथे ठरावीक बिंदूचं गणित वापरतात. तरीही कुठेतरी एक धागा सुटतो. खेळ अधूनमधून प्रत्येक संगणकाच्या हिशेबाचा एक छोटा सांकेतिक अंक ताडून पाहतो. तो जुळला नाही की ‘आउट ऑफ सिंक’. याच्या पडद्यावर जिवंत असलेला हत्ती त्याच्या पडद्यावर मेलेला असू शकतो.

असे दोष शोधायला ‘पेट्रा’ या संगणकी खेळाडूला स्वतःशीच लढवता येतं, तेही चित्रांशिवाय. पण पेट्रा वेडेपणा करत नाही. माणूस ऐन लढाईत कनेक्शन तोडतो, परत येतो, भिंत अर्धवट सोडतो, हत्ती दारात अडकवतो. एक जण विंडोजवर, दुसरा जुन्या लिनक्स लॅपटॉपवर, तिसरा मॅकवर, आणि तेही एकाच डावात, ही जुळवाजुळव अनोळखी खेळाडूच करू शकतात. डाव तुटला की ते लॉग पाठवतात आणि रीप्लेची फाइलही. तीत केवळ आज्ञांची यादी असते, पण तेवढ्यावरून अख्खं युद्ध पुन्हा घडवता येतं. पुष्कळदा तोच दोष पुन्हा उभा राहतो आणि कोड लिहिणाऱ्याला पकडता येतो.

ही चाचणी एका गोष्टीपुढे मात्र हात टेकते : समतोल. जवळपास तीन वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी २०२१मध्ये २४वी आवृत्ती आली, तेव्हा धनुर्धारी फार भारी पडतात अशी ओरड झाली. यात परीक्षकांचा दोष होता असं मला वाटत नाही. खेळ कोसळला तर लगेच दिसतं, पण एखादी फौज अन्यायाने जिंकते हे कळायला मुरलेल्या खेळाडूंना महिनोन्‌महिने ती घासून वापरावी लागते. कँडिडेटचे आठवडे त्याला पुरत नाहीत.

म्हणून २६व्या आवृत्तीच्या काळात ‘कम्युनिटी मॉड’ पुढे आला. सैनिकांच्या किमती, वेग, मारा यांतले बदल आधी या जोडणीत घालायचे, खेळाडूंनी खरे सामने खेळायचे, भांडायचं, आणि जे टिकेल त्याचा मूळ खेळासाठी विचार करायचा. ज्याला हे पटत नाही तो साधी आवृत्ती खेळायला मोकळा. फक्त मॉडवाला आणि साधी आवृत्तीवाला या दोघांना खेळ एका डावात बसू देत नाही : नियम वेगळे झाले की हिशेब वेगळा, आणि हिशेब वेगळा की सिंक गेलंच.