बावीस हजार चंद्र, पोळीच्या आकाराचे

माणसाचे वय मोजायच्या आपल्याकडे किती तऱ्हा! कोणी पावसाळे मोजतो, कोणी दिवाळ्या. आणि वयाची ऐंशी वर्षे उलटून वर काही महिने गेले की घरात सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरतो. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस म्हणून आजोबांना पाटावर बसवायचे, औक्षण करायचे, नातवंडांनी पाया पडायचे. सगळे कसे मंगल! पण ज्यांची मोजणी हजाराच्या आत थांबली त्यांचे चंद्र कोणी मोजायचे?

मुंबईच्या एका चित्रकाराने ते मोजले. जितिश कल्लाट त्यांचे नाव. जन्म १९७४ चा, शिक्षण सर ज. जी. कला महाविद्यालयात. त्यांचे वडील २ एप्रिल १९३६ रोजी जन्मले आणि २ डिसेंबर १९९८ रोजी गेले. मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पुढे बाराएक वर्षांनी त्याने वडिलांच्या आयुष्यातला एकेक दिवस मोजून त्या दिवसाचा चंद्र भिंतीवर मांडला. या कामाचे नाव ‘एपिलॉग’, म्हणजे उपसंहार. २०११ साली फोर्टमधल्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड या कलादालनात ते मांडले होते.

याला मांडणशिल्प म्हणतात. शब्द ऐकून दचकू नका हं! गणपतीची आरास आपण लांबून बघत नाही, तिच्यातून फिरत फिरत बघतो ना? तसेच हे. एकच चित्र समोर उभे राहून बघायचे नाही, तर मांडलेल्या वस्तूंमधून चालायचे. इथे ओळीने लावलेल्या ७५३ चौकटी आहेत. १९३६ च्या एप्रिलपासून १९९८ च्या डिसेंबरपर्यंत महिने मोजून पाहा, बरोबर ७५३ भरतात. आणि चंद्र किती? बावीस हजारांच्या वर!

आता खरी गंमत. हे चंद्र आकाशातले नाहीत. ती आपल्या स्वयंपाकघरातली पोळी आहे! तव्यावरच्या डागांसकट फोटो काढलेली. पौर्णिमेला अख्खी गोल, मग घासाघासाने कमी होत गेलेली, शेवटी नुसती कोर. पुन्हा भरते, पुन्हा संपते. लहानपणी आपल्याला ताटातली पोळी दाखवून ‘हा बघ चांदोबा’ म्हणत भरवले, तीच कल्पना. पण इथे ती एका माणसाचे सबंध आयुष्य सांगते. डिसेंबर १९९८ च्या वाट्याला मात्र दोनच दिवस येतात.

मी कागद घेऊन हिशेब केला. बासष्ट वर्षे आठ महिने म्हणजे पौर्णिमा झाल्या साधारण पावणेआठशे. हजाराला सव्वादोनशे कमी. शिकवणीतल्या मुलांना मी असली गणिते रोज घालते, पण हे उत्तर लिहिताना हात जरा थबकलाच.

आपण बायका मरणाचा विषय घरात काढत नाही. कोणी काढलाच तर ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून गप्प करतो. पण भीती का जाते त्याने? नेहमीची लोकल गेली, यांचा पत्ता नाही, फोन लागत नाही. भाजी ढवळता ढवळता मनात काय काय येऊन जाते ते आपले आपल्याला ठाऊक. रात्री अडीचला फोन वाजला तर उचलण्याआधीच छातीत धस्स होते. ही भीती सांगायची कोणाला? मला वाटते, अशी प्रदर्शने तेवढ्यासाठी असतात. जे तोंडाने बोलवत नाही ते कोणीतरी भिंतीवर मांडून ठेवतो आणि म्हणतो, या, बघा.

जपानमध्ये तेशिमा नावाच्या बेटावर ख्रिस्तियान बोल्तान्स्की या फ्रेंच कलावंताने २०१० पासून माणसांच्या हृदयाचे ठोके जमवून ठेवले आहेत. आलेल्या माणसाला तिथे आपलेही ठोके नोंदवता येतात. बोल्तान्स्की २०२१ मध्ये गेले, ठोके मात्र अजून ऐकता येतात. देश कोणताही असो, प्रश्न एकच: मागे काय उरते?

कल्लाटांची पोळी मला अधिक जवळची वाटली, कारण ती आपल्या हातची आहे. दिवसाला बारा पोळ्या धरल्या तर वर्षाला ४,३८० होतात. वीस वर्षांच्या संसारात ८७,६००! कोणी मोजते का? पण घरातल्या माणसांचे आयुष्य त्यांच्यावरच पुढे सरकलेले असते.

बोरिवलीच्या आमच्या घरी हा हिशेब मी सासूबाईंपुढे मांडला. त्या शहात्तर वर्षांच्या. मनात धाकधूक होती, त्यांना अभद्र तर वाटणार नाही? म्हटले, “आई, तुमच्या नऊशे चाळीस पौर्णिमा झाल्या.” त्या हसल्या. “म्हणजे साठच राहिल्या की गं!” मग जरा वेळाने म्हणाल्या, “ह्यांच्या किती झाल्या ते काढ.” मामंजी अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. सातशे सतराच्या आसपास आकडा आला. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पोळीचा खरपूस पापुद्रा ते आधी सोलून खायचे. मी रागवायची.” इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळले! त्या रात्री आम्ही अकरापर्यंत बोलत बसलो होतो.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या संकष्टीला गच्चीत चंद्राची वाट बघत बसाल, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांजवळ हा विषय हळूच काढा. त्यांच्या पौर्णिमा मोजा. गेलेल्यांच्याही मोजा. कपाटातल्या जुन्या फोटोंमागे नाव आणि साल लिहून घ्या. सांगणारे माणूस समोर आहे तोवरच ते होईल. आणि शहरात असे एखादे प्रदर्शन लागलेले कळले, तर ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ म्हणू नका. दुपारची कमी गर्दीची गाडी पकडा, एखादीला सोबत घ्या आणि बघून या. पोळी तर आपल्याला कळते ना?