गुबगुबीत अक्षराची कमाई

दुकानावर नवी पाटी लावताना आपण रंगाचा विचार करतो, पत्र्याच्या भावाची घासाघीस करतो. अक्षराचे वळण मात्र पेंटरवर नाहीतर फ्लेक्सवाल्यावर सोडून देतो. आमच्या मते इथेच चुकते. गिऱ्हाईक आधी अक्षर पाहते, नाव मागाहून वाचते.

‘कूपर ब्लॅक’ या इंग्रजी वळणाचेच पाहा. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचे हे अक्षर तिथल्याच एका टाइप फाउंड्रीने १९२२ साली बाजारात आणले. अंगाने जाडजूड, टोकदार कोपरा कुठे नाही, तळ गोल आणि ‘ओ’च्या पोटातले भोक जरा मागे कललेले. कडाच गोल असल्याने शाई थोडी पसरली तरी अक्षर बिघडलेले दिसत नाही. हलक्या कागदावर छापणाऱ्याला आणखी काय हवे? १९७०च्या दशकात इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायच्या अक्षरांत ते गाजले, म्हणून आज ते पाहताच जुने दिवस आठवतात. ईझीजेट या स्वस्त तिकिटाच्या विमान कंपनीनेही आपल्या नावासाठी हेच वळण घेतले आहे.

मराठी पाटीसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ हा फॉन्ट याच स्वभावाचा आहे. तो विनामूल्य मिळतो, धंद्यातही वापरता येतो. अक्षर इतके फुगीर, की आतली पोकळी रेघेएवढीच उरते. बेकरी, खेळणी, मुलांचे कपडे यांच्या पाटीला झकास; सराफाने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि वापरायचा तो फक्त नावापुरता. एका नानकटाईच्या खोक्यावर आम्ही सगळाच मजकूर अशा अक्षरात पाहिला. वजन किती, हे शेवटी दुकानदारालाच विचारावे लागले.