टायर मोठा, जागा तेवढीच

पिकअप गाडी घेतल्यावर वर्षभराच्या आत तिचे मूळ टायर उतरवून त्यांच्या जागी अधिक उंच, अधिक रुंद आणि खोल नक्षीचे टायर चढवण्याची जी हौस अलीकडे आपल्याकडेही बळावली आहे, ती स्वतः काही निंद्य नव्हे. चिखल, वाळू आणि ओढे यांतून वाट काढणाऱ्या वाहनाला मोठ्या टायरचा निश्चित उपयोग होतो, आणि रुबाबाचा मोह म्हणावा तर तोही मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. खेद वाटावा असे काही असेल, तर ते या हौसेभोवती साचलेले ऐकीव शास्त्र. नवे टायर चढतात, पहिल्याच अरुंद वळणावर पूर्ण कट मारताच मडगार्डातून घर्र असा आवाज येतो, मालक गॅरेजकडे धाव घेतो, आणि तेथे त्याला जे इलाज सुचवले जातात त्यांतील निम्मे तरी टायर नेमका कोठे घासतो याची चौकशी न करताच सांगितलेले असतात.

प्रथम हिशेब मांडू. टायरच्या कुशीवर 265/65 आर17 असे जे माप छापलेले असते, आणि जे टोयोटाच्या हायलक्ससारख्या पिकअपवर आढळते, त्यातील पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे ते प्रमाण, आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास होय. या मापाचा टायर सुमारे 776 मिलिमीटर उंच भरतो. त्याऐवजी हौशी मंडळींच्या विशेष आवडीचा 285/70 आर17 घेतला, तर उंची सुमारे 831 मिलिमीटर होते. फरक 55 मिलिमीटरांचा खरा, परंतु चाक आपल्या मध्याभोवती फिरत असल्यामुळे पुढे, मागे आणि वर यांपैकी कोणत्याही एका दिशेला मडगार्डाच्या बाजूने सरकतो तो त्यातील निम्माच भाग, म्हणजे सुमारे 27 मिलिमीटर. आणि गाडीची जमिनीपासूनची उंचीही तेवढीच वाढते. मोठ्या टायरमुळे साडेपाच सेंटिमीटर ग्राउंड क्लिअरन्स मिळाला असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याने व्यास आणि त्रिज्या यांतील भेद शाळेतच ठेवून दिला असे समजावे.

छापील मापावर आंधळा विश्वास ठेवणे हीही चूकच. एकच माप छापलेले दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्ष मोजल्यास उंचीत आणि रुंदीत काही मिलिमीटरांनी वेगळे निघतात. चिखलासाठी बनवलेल्या टायरच्या खांद्यावर बाहेर आलेले जे जाड ठोकळे असतात, ते तर माप तेच असताना साध्या टायरपेक्षा अगोदर घासतात. आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतला तर त्यावर बसवलेला तोच टायर साधारण 5 मिलिमीटरांनी फुगतो. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीत हे माप बसले, सबब आपल्याही बसेल, हा दाखला ग्राह्य धरता येत नाही. शेजाऱ्याचा रिम कोणता आणि टायर कोणत्या नक्षीचा, हे विचारल्यावाचून तर नाहीच नाही.

आता सर्वांत रूढ समजुतीकडे वळू. गाडी दोन इंच वर उचलली, म्हणजे लिफ्ट किट बसवले, की घासण्याचा प्रश्न मिटला, असे दुकानदारापासून मित्रापर्यंत सर्व जण सांगतात. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना टायर आणि मडगार्ड यांमधील पोकळी वाढलेली दिसते, हे खरे; परंतु टायर घासतो तो गाडी उभी असताना नव्हे, तर चाक खड्ड्यातून उसळून आपल्या सर्वांत वरच्या स्थानी जाते तेव्हा, आणि ते सर्वोच्च स्थान स्प्रिंगच्या उंचीने ठरत नसून बंपस्टॉप नामक रबरी ठोकळ्याने मुक्रर केलेले असते. ठोकळा आहे तसाच ठेवून शॉकअॅब्सॉर्बरच्या डोक्यावर केवळ एक धातूची चकती बसवली, तर गाडी उंच दिसते, चाकाला खाली सुटण्यास उरलेला वाव कमी होतो, आणि वर मात्र ते पूर्वी जेथवर जात होते तेथवरच जाते. फार तर तेथवर पोचण्याचे प्रसंग कमी होतात. शिवाय मागच्या अखंड अॅक्सलच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा, जो खडकाला आधी लागतो, तो लिफ्ट किटने एक मिलिमीटरही वर जात नाही. त्याला वर नेण्याचे सामर्थ्य फक्त टायरच्या त्रिज्येत आहे. आइसलँडमधील आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी हायलक्सवर 38 इंचांचे टायर बसवते, आणि अशाच एका गाडीने टॉप गिअर या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या 2007 साली प्रक्षेपित झालेल्या भागात उत्तर ध्रुवप्रदेशाची सफर केली. त्या गाड्या पाहून भारावणाऱ्यांच्या ध्यानात हे येत नाही की तेथे नुसती गाडी उचललेली नसते, तर चाकांभोवतीचा पत्रा कापून, कमानी रुंद करून टायरला जागा निर्माण केलेली असते.

दुसरी समजूत रिमच्या ऑफसेटविषयीची असून, घासण्याची बहुसंख्य प्रकरणे तिच्यातूनच उद्भवतात असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांमधील अंतर. मूळ रिम कायम ठेवून 265 ऐवजी 285 रुंदीचा टायर घेतला, तर वाढलेल्या 20 मिलिमीटरांपैकी 10 आत जातात आणि 10 बाहेर येतात. परंतु मालकास गाडी रुंद पवित्र्यात उभी राहिलेली हवी असते, म्हणून तो 20 मिलिमीटरांनी कमी ऑफसेटचे नवे रिमही घेतो. आणि मग टायरची बाहेरील कड एकदम 30 मिलिमीटर बाहेर येते. चाक बाहेर आले म्हणजे मडगार्डापासून दूर गेले, त्यामुळे घासणार नाही, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. वस्तुतः पुढचे चाक वळते ते स्टिअरिंगच्या अक्षाभोवती, आणि त्या अक्षापासून टायरची कड जितकी दूर, तितका वळताना तिने आखलेला कंस मोठा. त्या कंसाच्या एका टोकाला बंपरचा कोपरा असतो आणि दुसऱ्या टोकाला चाकामागील प्लास्टिकचे अस्तर, पत्र्याची दुमडलेली शिवण आणि केबिनला चासीवर टेकवणारा माउंट. मोठा टायर मूळ रिमवर जेमतेम फिरत असताना तोच टायर नव्या रिमवर दोन्ही टोकांना लागू लागतो तो यामुळे. हब आणि रिम यांच्यामध्ये स्पेसर घातल्याचा परिणाम नेमका तोच. स्पेसरचा उपयोग आहे, पण तो टायर आतल्या बाजूला, म्हणजे वरच्या कंट्रोल आर्मला किंवा मागे पाट्यांना लागत असेल तेव्हाच. बाहेर घासणाऱ्या गाडीला स्पेसर बसवणे म्हणजे तक्रार वाढवून घेणे होय. भरीस भर म्हणून बाहेर गेलेले चाक बेअरिंग आणि बॉलजॉइंट यांवर अधिक ताण टाकते, तो खर्च वर्षादोनवर्षांनी निराळा.

चाकामागे घासत असेल तर एक कमी खर्चाचा उपाय अलाइनमेंटच्या यंत्रावर उपलब्ध आहे, आणि तो क्वचितच सुचवला जातो. खालच्या कंट्रोल आर्मच्या बोल्टांवरील कॅम फिरवून कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, वाढवताना खालचा बॉलजॉइंट पुढे सरकवला, तर संपूर्ण चाकच काही मिलिमीटर पुढे येते, व तेवढ्यानेही पुष्कळ वेळा मागचे घासणे थांबते. त्यानंतरचा उपाय म्हणजे अस्तर गरम करून मागे दाबणे. माउंटचा कोपरा कापून पुन्हा वेल्ड करणे हा मार्ग परदेशांत रूढ आहे. परंतु केबिनचा भार पेलणाऱ्या भागावर कटर चालवण्याची शिफारस आम्ही तरी करणार नाही.

घासून घासून टायर आपली जागा आपणच करून घेईल, अशीही एक बेफिकीर समजूत आहे. प्लास्टिकच्या अस्तराच्या बाबतीत ती कदाचित चालेल. पत्र्याची शिवण, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर यांच्या बाबतीत ती जिवावर बेतणारी आहे, कारण टायरची कूस एकदा कापली गेली म्हणजे तिला पंक्चरसारखा ठिगळाचा इलाज नाही.

रिकाम्या गाडीला गॅरेजच्या सपाट फरशीवर दोन्हीकडे कट मारून पाहणे आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देणे, ही परीक्षा पिकअपच्या बाबतीत निरर्थक आहे. हौद्यात माल भरला म्हणजे मागचे पाटे बसतात. घाटातील वळणावर बाहेरचे चाक दबलेले, स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि त्यातच ब्रेक लागलेला, अशी सर्व कारणे एकत्र येतात. आणि गाडी मागे घेताना तर पुढे जाताना न लागणारी जागाही लागते. खरी परीक्षा करावयाची असेल तर पुढचे एक चाक रॅम्पवर वा उंच दगडावर चढवून ते दबलेल्या अवस्थेत ठेवावे, मडगार्डाच्या आतून खडू फासावा, सावकाश दोन्हीकडे पूर्ण कट मारावा, आणि खडू टायरला कोठे लागला ते पाहावे. हौद्यात नेहमीइतके वजन टाकून हीच परीक्षा मागच्या चाकाची, कट न मारता, करावी.

घासणे थांबले तरी हिशेब संपत नाही. वरील दोन मापांत परिघाचा फरक 7 टक्के आहे; म्हणजे काटा 80 दाखवत असताना गाडी मूळ टायरच्या मानाने सुमारे 86 च्या वेगाने धावते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार स्पीडोमीटरने वेग प्रत्यक्षाहून कमी दाखवता कामा नये, म्हणून उत्पादक तो थोडा चढा ठेवतात. ती शिल्लक मोठा टायर खाऊन टाकतो. मायलेज एकदम उतरले अशी जी कैफियत नंतर मांडली जाते, तिच्यातही थोडा भाग किलोमीटर कमी मोजले गेल्याचा असतो. बाकीचा भाग जड चाक आणि वाढलेला वाऱ्याचा विरोध यांचा. भारांकाकडेही, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणाऱ्या आकड्याकडेही, पाहावे: 112 म्हणजे प्रत्येक टायरमागे 1120 किलो, 121 म्हणजे 1450 किलो; मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो कितीही दणकट दिसो, मालवाहू गाडीवर चढवू नये. आणि स्टेपनीचा विचार टायर घेण्याआधी करावा, कारण हौद्याखालच्या जागेत मोठे चाक पुष्कळदा मावत नाही, आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक लहान घेऊन डांबरी रस्त्यावर चालवणे हे गिअरच्या पेटीवर अत्याचार करणे होय.

राहता राहिला कायदा. टायर ही झिजणारी वस्तू, ती कोणत्याही मापाची लावली तरी कोणी विचारीत नाही, हा समज खोटा आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 अन्वये उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ही भूमिका पुन्हा स्पष्ट केली. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरचे माप पाहतो, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा ज्यांना मोठे टायर हवेतच त्यांनी आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेली मापे प्रथम माहितीपुस्तिकेत पाहावीत, त्यांतील सर्वांत मोठे माप निवडावे, रिम आणि ऑफसेट मूळचेच ठेवावेत, आणि चारही टायरचे पैसे मोजण्याआधी एकच टायर पुढच्या चाकावर चढवून खडूची परीक्षा घ्यावी. त्या परीक्षेत जो टायर घासेल, तो दुकानातच ठेवून यावा.