पाइप प्रेस करून मिळेल

बारामती असो की संगमनेर, गावाबाहेर जिथे ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या सुट्या भागांची दुकानं लागतात, तिथे एखाद्या शटरवर ‘हायड्रोलिक होज पाइप प्रेस करून मिळेल’ अशी पाटी हमखास दिसते. आत भिंतीवर काळ्या पाइपांची वेटोळी, फळीवर नट आणि फेरूलचे (पाइपाच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्यांचे) डबे आणि मधोमध प्रेसचं मशीन. गिऱ्हाईक बहुतेक जेसीबीवाले. पण अधूनमधून एखादा मोटारवालाही येतो, हातात तेलाने माखलेला, दोन्ही टोकांना वाकवलेल्या लोखंडी नळ्या असलेला पॉवर स्टिअरिंगचा पाइप घेऊन. जुन्या स्कॉर्पिओचा, सफारीचा, नाहीतर क्वालिसचा. कंपनीचा नवा पाइप एकतर महाग, नाहीतर मिळतच नाही. मग या पाटीखाली यावं लागतं.

पाइप फुटेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतलं तेल ओढतो, प्रेशरच्या पाइपातून स्टिअरिंग बॉक्सकडे ढकलतो आणि काम झालेलं तेल रिटर्नच्या पाइपाने टाकीत परत येतं. तेलाच्या जोरावर चाकं वळवण्याची कल्पना जुनी होती. ती मोटारीत नीट बसवली फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने. तो पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरची काय दमछाक होते, हे त्याने पाहिलं होतं. तेल कायम दाबून ठेवायचं नाही, ते मोकळं वाहू द्यायचं आणि स्टिअरिंग फिरलं की तेवढ्यापुरती वाट आवळून दाब तयार करायचा, ही त्याची युक्ती. 1926 साली त्याने अशी गाडी चालवून दाखवली. जनरल मोटर्सने रस घेतला, पण मंदीच्या काळात खर्च परवडेना म्हणून 1934 मध्ये अंग काढून घेतलं. पुढे महायुद्धात चिलखती गाड्यांना हे तंत्र उपयोगी पडलं आणि 1951 मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल या मोटारीत पॉवर स्टिअरिंग विकायला काढलं. आपल्याकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला, जिथे लोक संभाजी महाराजांच्या समाधीपुढे डोकं टेकायला जातात, तिथेही बस-ट्रकचे स्टिअरिंग गिअर बनवणारा कारखाना आहे.

डेव्हिसच्या युक्तीतच पाइपाच्या दुखण्याचं मूळ आहे. सरळ रस्त्यावर पाइप जवळजवळ निवांत असतो. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरलं की दाब सत्तर-ऐंशी बारच्या पुढे, काही गाड्यांत शंभरपर्यंत जातो. म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये गाडी घालताना आपण हेच तर करतो. त्यात इंजिनची धग. वर्षानुवर्षं भाजून रबर कडक होतं, त्याला बारीक तडे जातात आणि नळीवर फेरूल दाबून बसवलेलं असतं तिथून तेल पाझरू लागतं. पाइप एकदम फुटणं विरळा. आधी फेरूलभोवती ओलसर धूळ चिकटते, मग टाकीतली पातळी उतरते, तेलाला फेस येतो आणि वळताना पंप कण्हायला लागतो.

‘साहेब, महिन्याला अर्धा लिटर टाकत राहा, चालतंय,’ असं सांगणारे मेकॅनिक भेटतात. चालत नाही. ते तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर निघतो आणि आग लागण्याचीही भीती असते. शिवाय पंपाला वंगण याच तेलाचं. तो कोरडा पडला की पाइपाच्या कितीतरी पट खर्च बोकांडी बसतो.

गळती शोधताना खालचा थेंब पाहून फसू नये, कारण तेल नळीवरून ओघळत भलतीकडे टपकतं. सगळं धुऊन, पुसून कोरडं करावं, इंजिन चालू करून एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने सगळ्यात वरची ओली जागा शोधावी. बोटाने चाचपायला मात्र अजिबात जाऊ नये. दाबाखालची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि आत हात सडू लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर डाग उमटतो.

रिटर्नचा पाइप गळत असेल तर प्रकरण सोपं: नवा पाइप, नव्या क्लिपा. फक्त रेडिएटरचा उरलेला तुकडा लावण्याचा मोह टाळा. पाण्यासाठीचं ते रबर तेलात फुगून मऊ पडतं.

प्रेशरच्या पाइपाचं काम मात्र बघत बसण्यासारखं असतं. चांगला कारागीर पाइप कापण्याआधी दोन्ही टोकांवरून खडूची सरळ रेघ ओढतो. टोकाच्या नळ्या एकमेकींशी ज्या कोनात आहेत तोच कोन नव्या पाइपात आला नाही, तर तो पिळत बसतो आणि लवकर जातो. मग जुनं फेरूल चिरून काढायचं, नळीचं तोंड घासून साफ करायचं, नवा पाइप मापाने कापायचा आणि हवा मारून आतला रबराचा भुगा उडवायचा. हा भुगा राहिला तर थेट स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हमध्ये जातो. शेवटी फेरूल चढवून टोक मशीनमध्ये धरलं जातं. गोल मांडलेले जबडे सगळीकडून सावकाश आत येतात आणि फेरूलवर उभ्या खाचा उमटतात. कारागीर त्यावर व्हर्नियर लावून जाडी मोजतो. कमी दाबलं तर गळतं, जास्त दाबलं तर आतलं रबर चिरतं. व्हर्नियर न लावता नुसतं ‘बसलं’ म्हणणाऱ्याकडे मी जात नाही.

इथे एक गंमत होते. ‘डबल वायर टाकून देतो, जेसीबीला लावतो तोच. गाडी मोडेल, पण पाइप फुटणार नाही,’ असं दुकानदार अभिमानाने सांगतो. ताकदीबद्दल तो खोटं बोलत नाही. पोलादी तारेचा तो पाइप मोटारीच्या दाबाच्या तिप्पट-चौपट सहज सोसतो. पण मोटारीचा मूळ पाइप बहुधा धाग्याच्या विणीचा असतो आणि तो मुद्दाम थोडा फुगेल असाच बनवलेला असतो. अमेरिकन मानकात त्यासाठी एसएई जे 188 असा वेगळा क्रमांकच आहे. पंप तेल एकसंध धारेत देत नाही, ठोके देत देतो. ते ठोके पाइप फुगून गिळतो. काही गाड्यांत त्यासाठी पाइपाच्या पोटात आणखी एक बारीक नळीही असते. तारेचा पाइप फुगत नाही, मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग गुरगुरतं आणि लोक पंप बदलायला धावतात. धाग्याचा पाइप मिळाला तर तोच घालावा. नाहीच मिळाला तर तारेचा चालेल, गुरगुर सहन करावी. गळक्या पाइपापेक्षा ती बरी.

पाइप बसवताना बँजो बोल्टखालचे (तेल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टखालचे) तांब्याचे वायसर नवेच घाला. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, पातळी उतरेल तसं तेल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करा. आणि दुकानात जाताना जुना पाइप, फाटका असला तरी, सोबत न्या. त्याच्या टोकाच्या नळ्या बाजारात सुट्या मिळत नाहीत. नवा पाइप त्यांच्यावरच प्रेस करावा लागतो.