अर्थावाचून अंधार

पानिपत हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या मनश्चक्षूंसमोर १४ जानेवारी १७६१ चा दिवस उभा राहतो. परंतु दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, जुन्या बादशाही राजरस्त्याच्या काठी वसलेल्या आजच्या पानिपतचा लौकिक सतरंज्यांचा आणि ब्लँकेटांचा आहे. देशोदेशींचे टाकून दिलेले कपडे येथे येतात, त्यांच्या चिंध्यांतून सूत निघते, आणि त्या सुताची ब्लँकेटे पिकअप गाड्यांच्या पाठीवरून बाजारपेठांकडे रवाना होतात. पौषातल्या पहाटे या रस्त्यावर जे दाट धुके उतरते, त्यात अशा गाडीचा मागचा तांबडा दिवा विझलेला असणे म्हणजे मागून येणाऱ्या मालमोटारीला आपल्या अस्तित्वाची वर्दीच न देणे होय.

डिझेल गाडीचे म्हातारपण राजधानी क्षेत्रात १० वर्षांच्या मुदतीने मोजण्याचा हुकूम राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. तारेचे म्हातारपण मात्र कोणत्याही दप्तराची वाट पाहत नाही. इंजिनाच्या उष्णतेने तिचे वेष्टन कडक होऊन तडकते, हादऱ्यांनी ते पत्र्याच्या कडेवर घासते, आणि धुळीत मुरलेली ओल जोडांवर गंज चढवते.

गाडीतल्या विजेचा प्रवास मुळात सोपा असतो. बॅटरीच्या धन अग्रापासून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच, रिले अशी नाकी ओलांडीत दिव्यापर्यंत पोहोचतो. परतीसाठी मात्र बॅटरीपर्यंत निराळी तार नसते, कारण गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. सांगाड्याशी केलेल्या या जोडणीला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात, आणि अर्थ सुटला की दिवा निरर्थक होतो, हा श्लेष मराठीला अनायासे लाभला आहे. नवखा माणूस जाणारी तार पुनःपुन्हा तपासतो. परतीच्या वाटेकडे त्याचे लक्ष जात नाही. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांची फौज कुंजपुरा जिंकून बसली असता अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीकडची वाट त्याने अडवली. पुढे जाण्याचे बळ शाबूत असताना मागची वाट तुटल्याने काय होते, हे पानिपतापेक्षा अधिक कोणी सांगावे?

दोषाचे प्रकार तीन. तार तुटली तर दिवा मुळीच लागत नाही. तार उघडी पडून सांगाड्याला टेकली तर शॉर्ट होऊन फ्यूज उडतो. तिसरा प्रकार फसवा: जोडावर गंज चढल्याने प्रवाह वाहतो, पण अडखळत वाहतो. ब्रेक दाबताच मागचा दिवा मंदावला किंवा शेजारचा इंडिकेटर मिणमिणू लागला, तर समजावे की अर्थ बिघडल्यामुळे प्रवाह दुसऱ्या बल्बमधून आडवाटेने परतत आहे.

तपास पंचनाम्यासारखा क्रमाने करावा. पहिली जबानी बॅटरीची: पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असता तो आकडा १४ च्या आसपास चढला नाही, तर अल्टरनेटरची चौकशी करावी. त्यानंतर फ्यूज, आणि मग दिवा लावलेल्या स्थितीत, म्हणजे तारेवर भार असताना, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंस मल्टिमीटर लावून व्होल्ट कोठे गळतात ते पाहावे. भाराचा हा आग्रह निष्कारण नाही. दहा धाग्यांपैकी एकच शिल्लक राहिलेली तारही बंद गाडीत मल्टिमीटरच्या सूक्ष्म प्रवाहाला अखंड भासते. पण ६० वॉटचे दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर मागतात, आणि त्यांच्या सामाईक मार्गातील एका गंजक्या जोडाने ०.१ ओहम विरोध केला तरी एक व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. तेवढ्याने साध्या बल्बचा प्रकाश सुमारे चौथ्या हिश्शाने घटतो.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व काम संपल्यावर ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. अर्थाचा बोल्ट काढून खालचे लोखंड चकचकीत होईपर्यंत घासावे, घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. तुटलेली तार तितक्याच जाडीच्या तारेने, पक्क्या जोडाने सांधावी. पत्र्याच्या भोकातून ती जाते तेथे रबरी कडे बसवावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार वा चांदीचा कागद घालण्याचा परिपाठ मात्र सर्वस्वी त्याज्य होय. फ्यूज हा तारेचा रखवालदार आहे, आणि त्याला बडतर्फ केले की जळण्याची पाळी तारेवर, आणि पाठोपाठ गाडीवर येते.

पानिपतचा चालक असो वा नाशिकचा, पहाटे निघण्यापूर्वी त्याने गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि ब्रेक दाबून आरशात पाहावे. भिंतीवर दोन तांबडे डाग सारख्याच तेजाने उमटले तर खुशाल निघावे. एखादा फिका वाटला, तर त्या बाजूचा अर्थ घासल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये.