गॅरेजमधलं विमान

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. विमानातलं मला कळतं ते एवढंच, की खिडकीजवळची जागा मिळाली तर बरं. तरीही आज मी विमानावर बोलणार आहे.

माझी बहीण लग्न होऊन रत्नागिरीहून इंग्लंडात गेली. तिच्या मुलाला, माझ्या भाच्याला, वैमानिक व्हायचं होतं. वैद्यकीय तपासणीत लाल आणि हिरवा रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. रेडिओ बंद पडला तर मनोऱ्यावरून होणाऱ्या खुणांतही हेच रंग. दार बंद झालं. त्या घरात विमानाचं नाव निघेनासं झालं.

गेल्या वर्षी गेलो, तर गॅरेजमध्ये गाडीऐवजी बोईंग ७३७ च्या कॉकपिटचा भाग! इंग्लंडात केंबल इथं जुनी विमानं मोडीत काढतात. पुन्हा उडू न शकणारे काही सुटे भाग हौशी लोक विकत घेतात.

मी विचारलं, "पण हे चालतं कसं?" भाचा म्हणाला, "मामू, खरी अडचण तीच आहे."

विमानातली बरीच उपकरणं २८ व्होल्टवर चालतात, तर काहींना सेकंदाला ४०० आवर्तनांची वीज लागते. घरातली वीज ५० आवर्तनांची. म्हणून डायलच्या आतलं जुनं यंत्र काढून तिथं छोटी मोटर बसवायची. इंजिनाच्या शक्तीच्या दांड्याला रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसला पोटेन्शिओमीटर जोडायचा. दांडा सरकला की व्होल्टेज बदलतं, एक छोटं कार्ड त्याचा आकडा करून संगणकाला कळवतं आणि पडद्यावरचं विमान वेग घेतं. एकेका स्विचची तार ओढायची म्हणजे महिन्यांचं काम.

हे वेड नवं नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये असं पहिलं यंत्र बनवलं, तेही वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात. ऑर्गनचे भाते वापरून त्यांनी ते डोलवलं. सुरुवातीला जत्रेतल्या खेळण्यासारखं ते विकलं गेलं. १९३४ मध्ये टपाल नेताना खराब हवेत लष्कराचे वैमानिक दगावले, तेव्हा लष्करानं त्यातली ६ यंत्रं घेतली.

"बाजारात प्लॅस्टिकचं तयार मिळतं. मग हा खटाटोप कशाला?"

त्यानं मला डोळे मिटायला सांगितले आणि माझा हात एका दांड्यावर ठेवला. मुठीत छोटं चाक लागलं. तो दांडा चाकं खाली सोडण्याचा. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानाचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घेत, कारण दोन्हींचे स्विच सारखेच आणि शेजारी. आल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञांनी एकावर रबरी चाक, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा बसवून घेतला. हाताला आकार कळला आणि चुका थांबल्या.

मग मुंबईत उतरायचं ठरलं. चाकं खाली आली, दिवे लागले. मी बिचकत विचारलं, "हिरवे लागले हे तुला कसं कळतं?"

"लाल वर असतात, हिरवे खाली. मी रंग बघत नाही मामू, जागा बघतो."

धावपट्टीला चाकं टेकली. दारात माझी बहीण ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून, कोण जाणे. म्हणाली, "उतरलात ना? मग चहा घ्या. उद्या मलाही रत्नागिरीवरून फिरवून आण."