भरपाईच्या व्याजाला कात्री नको

हमरापूर फाट्यावरून गणपतीच्या मूर्ती मुंबईकडे निघतात तो मुंबई-गोवा महामार्ग. या रस्त्यावर अपघात झाला, तर जखमी माणूस किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. निकालाला वर्षे लागतात. म्हणून अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून भरपाईवर व्याज देता येते. प्राप्तिकर खात्याची नजर असायची ती या व्याजावर.

जुन्या नियमाने हिशेब करून पाहा. भरपाई १० लाख, व्याज साडेसात टक्के, दावा चालला आठ वर्षे, म्हणजे व्याज ६ लाख. व्याज ५० हजारांपुढे गेले, की सगळ्या व्याजावर १० टक्के उद्गम करकपात, म्हणजे ६० हजार. पॅन नसेल तर दुप्पट! उत्पन्न करपात्र नसले, तरी ते पैसे परत मिळवायला विवरणपत्र भरावे लागे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचे व्याज करपात्र उत्पन्न नाही, असे म्हटले होते. कायद्यात बदलाचा प्रस्ताव मात्र आला १ फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात : न्यायाधिकरणाने व्यक्तीला मंजूर केलेले व्याज करमुक्त, करकपातही बंद. उशीरच म्हणायचा.

भरपाई बँकेत मुदत ठेवीत ठेवली, तर त्या ठेवीचे व्याज ही वेगळी बाब. तिला ही सवलत नाही.